न्यायसहायक मानसशास्त्राचे प्रशिक्षण : बडोद्याच्या विषप्रयोग खटल्यावरून एक पाठ

मानसशास्त्रात पीएच.डी. संपादन केलेली व्यक्ती न्यायालयात तज्ज्ञ म्हणून उभी राहण्यास पात्र ठरतेच, असे नाही. रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञाकडे येणारा मनुष्य मदतीसाठी येतो. त्याचे म्हणणे प्रथमदर्शनी खरे मानून उपचारास आरंभ होतो व ते गुप्त ठेवले जाते. न्यायालयाने पाठविलेल्या आरोपीची गोष्ट निराळी. तो स्वेच्छेने आलेला नसतो, त्याच्याविषयीचा अभिप्राय न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाणार असतो, आणि काही लपविण्यास किंवा आजाराचे सोंग घेण्यास त्याच्यापाशी सबळ कारण असू शकते. शिवाय विचारला जाणारा प्रश्न वैद्यकाचा नसून कायद्याचा असतो. ‘यास कोणता विकार आहे?’ एवढ्यावर न्यायालयाचे भागत नाही. ‘कृत्य करतेवेळी त्या कृत्याचे स्वरूप यास कळत होते काय?’ हे त्यास हवे असते. या कारणास्तव अमेरिकेत डॉक्टरेटनंतर, बहुधा एक वर्षाचे, देखरेखीखालील प्रशिक्षण देण्याची पद्धत रूढ झाली. तेथील मानसशास्त्रीय संघटनेने या शाखेला स्वतंत्र विशेषज्ञता म्हणून २००१ मध्ये मान्यता दिली.

भारतात अशी शिडी सर्वत्र उभी राहिलेली नसली, तरी कायद्याने मानसशास्त्रज्ञाला बोलावणे कधीच पाठविले आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या सुधारणा अधिनियमान्वये मनोविकल आरोपीच्या तपासणीसंबंधात मनोविकारतज्ज्ञाबरोबर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचाही उल्लेख आला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कायम आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १५ प्रमाणे सोळा ते अठरा वर्षे वयाच्या बालकावर अतिगंभीर अपराधाचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळाने त्याच्या मानसिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन करावयाचे असते, व तेही तीन महिन्यांत. मंडळात बालमानसशास्त्राची व्यावसायिक पदवी असलेला सदस्य नसेल, तर अनुभवी मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य घेणे अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. एका बालकास प्रौढाप्रमाणे खटल्यास सामोरे जावे लागावे की नाही, हे ज्या अहवालावर अंशतः अवलंबून असते, तो लिहिणाऱ्याची तयारी कशी झाली आहे, ही बाब केवळ विद्यापीठीय स्वरूपाची नव्हे.

या तयारीत काय शिकावे, हे पाहण्यास वडोदरा, म्हणजे मराठी वाचकांचे बडोदे, हे स्थळ सोयीचे आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र ही विद्याशाखा आहे. कारेलीबाग येथे शासकीय मनोरुग्णालय आहे. मध्यवर्ती कारागृहही शहरातच आहे. परंतु याहून मोलाची गोष्ट म्हणजे या शहरात घडलेला एक जुना खटला. न्यायसहायक मानसशास्त्र हे नावही अस्तित्वात नसताना त्याने या शास्त्राचे जवळजवळ सर्व कठीण प्रश्न एकदम उपस्थित केले.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर हे फेरफटका करून परतले व नित्याप्रमाणे त्यांच्यासाठी ठेवलेले पपनसाचे सरबत त्यांनी घेतले. दोन-तीन घोटांनंतर अस्वस्थ वाटू लागल्याने त्यांनी उरलेले बाहेर फेकले, तो पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड आणि मुंबईचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांनी तपासणी करून सोमल व हिऱ्याची पूड असल्याचे मत दिले. रसायनशास्त्राचे काम येथे संपले. पेल्यात काय होते हे कळले. ते कोणी व कोणाच्या सांगण्यावरून घातले, हे पेला सांगू शकत नव्हता. तो सारा भार माणसांच्या जबान्यांवर पडला.

मुंबईचे पोलीस कमिशनर सूटर आपल्या अधिकाऱ्यांसह बडोद्यास आले. डिसेंबरमध्ये रेसिडेन्सीचा हवालदार रावजी याने माफीच्या आश्वासनावर कबुली दिली. त्यामागोमाग जमादार नरसू याने कबुली दिली. त्याला माफीचे वचन नव्हते. कबुलीनंतर नरसूने रेसिडेन्सीच्या आवारातील विहिरीत उडी घेतली. त्यास जिवंत बाहेर काढण्यात आले. जानेवारी १८७५ मध्ये महाराज मल्हारराव गायकवाड यांना अटक झाली. त्यांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांनीही काही दिवस कैदेत काढल्यानंतर माफीच्या आश्वासनावर आपण महाराजांच्या आज्ञेने सोमल व हिऱ्याची पूड मिळविल्याचे सांगितले. २३ फेब्रुवारी १८७५ पासून सहा सदस्यांच्या आयोगापुढे चौकशी सुरू झाली. सर रिचर्ड काउच अध्यक्ष होते. मीड व मेल्व्हिल हे अन्य दोन युरोपीय सदस्य, तर ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे तीन भारतीय सदस्य. बचावाचे काम इंग्लंडहून आलेल्या सार्जंट बॅलंटाइन यांनी चालविले. शेवटी तिघा युरोपीय सदस्यांनी आरोप सिद्ध मानला, तिघा भारतीय सदस्यांनी मानला नाही. एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले ते गैरकारभाराच्या कारणावरून. विषाच्या प्रश्नाचा निकाल लागला नाही तो नाहीच.

एकच पुरावा, तेच साक्षीदार, आणि सहा अनुभवी माणसांचे दोन सरळ तट. राजकारण हे त्याचे एक कारण होतेच. तथापि प्रशिक्षणार्थीने येथे थांबून जबान्यांकडे पाहावे, हे अधिक फलदायी.

पहिली बाब संशयाच्या दिशेची. रेसिडेंट व महाराज यांचे संबंध घटनेपूर्वीच विकोपास गेले होते. फेअर यांना परत बोलवावे असे मल्हाररावांनी त्याच महिन्याच्या आरंभी कळविले होते. अशा स्थितीत तपासास आरंभ होण्यापूर्वीच उत्तर ठरलेले असते, आणि प्रश्न त्या उत्तराकडे झुकलेले विचारले जातात. प्रश्नकर्त्याच्या अपेक्षेने साक्षीदाराची आठवण वाकते, हे बिने व स्टर्न यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर प्रयोगांनी दाखविले. म्युन्स्टरबर्ग यांनी १९०८ मध्ये ते न्यायालयांपुढे मांडले तेव्हा वकीलवर्गाने त्यांची थट्टाच केली.

दुसरी बाब जबान्यांच्या क्रमाची. कोणी कोणाआधी सांगितले, मधल्या काळात ते एकमेकांस भेटले काय, नंतरच्याने आधीच्याचा तपशील कोठून घेतला, हे कोष्टक मांडल्यावाचून जबान्यांच्या मेळाला काही किंमत नाही. रावजीच्या जुन्या पट्ट्यात त्याच्या कबुलीनंतर सोमलाची पुडी सापडली, ती पोलीस अधिकारी अकबर अली यांच्या हाताला. पट्टा तोवर दुसऱ्या शिपायाकडे गेलेला होता. बॅलंटाइन यांनी या शोधावरच कठोर हल्ला केला. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, या प्रकारच्या पुराव्याचे कायद्यातील वजन आजही मोठे आहे. म्हणूनच वस्तू आधी आली की सांगणे आधी आले, हा प्रश्न सुटता कामा नये.

तिसरी बाब सर्वांत नाजूक: आमिष व भीती. भारतीय पुरावा अधिनियम त्यावेळी अवघा तीन वर्षांचा होता. प्रलोभनाने मिळालेली कबुली अग्राह्य, आणि सहअपराध्याची साक्ष महत्त्वाच्या तपशिलात पुष्टी मिळाल्यावाचून विश्वासार्ह न मानण्याची सावधगिरी, ही दोन्ही तत्त्वे त्यात होती. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहेत. कायद्याने जे धोरण म्हणून स्वीकारले, त्याचे मापन मानसशास्त्राने पुष्कळ नंतर केले. मूळचे आइसलंडचे व लंडनमध्ये कार्यरत असलेले गुडजॉन्सन यांनी १९८४ मध्ये सूचनवशतेचे एक मापनसाधन प्रसिद्ध केले. दडपणाखाली मनुष्य किती वेळा उत्तर बदलतो, हे त्यावरून पाहता येते. ब्रिटनमधील खोट्या कबुल्यांच्या प्रकरणांत अशा तपासण्यांचा पुढे उपयोग झाला.

तथापि नरसूचे उदाहरण घाईने निष्कर्ष काढणाऱ्यास अडविते. त्याला माफीचे आमिष नव्हते, तरी तो बोलला. ही गोष्ट फिर्यादी पक्षाच्या बाजूची. विहिरीतील उडी पश्चात्तापाची म्हणावी, तर ती निराशेचीही असू शकते. खरे सांगितल्याच्या लाजेने मनुष्य उडी घेईल, तसाच धन्याविरुद्ध खोटे सांगितल्याच्या लाजेनेही घेईल. दडपण होते म्हणून कबुली खोटी ठरत नाही, आणि तपशील जुळतात म्हणून ती खरीही ठरत नाही. प्रशिक्षित तज्ज्ञ एवढेच म्हणू शकतो की अमुक परिस्थितीत मिळालेल्या कथनाची विश्वसनीयता या या कारणांनी कमी होते व या कारणांनी वाढते. साक्षीदार खरा की खोटा, हे ठरविणे न्यायालयाचे काम होय.

ही मर्यादा गुजरातमध्येच पुढे निराळ्या रूपाने तपासली गेली. गांधीनगर येथील न्यायसहायक प्रयोगशाळेचे नाव नार्को चाचणी व मेंदूतील विद्युत्-लहरींवर आधारित चाचण्या यांमुळे देशभर झाले. तेथील न्यायसहायक विज्ञान विद्यापीठास २०२० मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात असा निर्णय दिला की नार्को, पॉलिग्राफ व मेंदूचाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. संमतीने केलेल्या चाचणीतील उत्तरेही स्वतः पुरावा ठरणार नाहीत, मात्र त्यांच्या साहाय्याने नंतर सापडलेली माहिती वा वस्तू ग्राह्य होऊ शकेल. म्हणजे पुन्हा पट्ट्यातील पुडीचाच प्रश्न.

अशा वर्षभराच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग पुस्तकांबाहेर जावा, हे उघड आहे. कारागृहातील बंदीची मुलाखत घेण्यापूर्वी ‘मी तुमचा उपचारक नाही, येथे सांगितलेले न्यायालयापुढे जाईल’ हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगणे, हीच पुष्कळांना अवघड जाणारी पहिली पायरी. ज्याच्यावर उपचार केले त्याचेच न्यायालयासाठी मूल्यमापन करू नये, हा नियम लहान शहरांत पाळणे कठीण असते, परंतु तो मोडल्यास दोन्ही कामे बिघडतात. भाषेचा प्रश्न वडोदऱ्यात विशेष जाणवतो. १८७५ च्या साक्षी दुभाष्यांमार्फत आयोगापर्यंत पोहोचल्या, आणि आजही इंग्रजीत प्रमाणित झालेली कसोटी गुजराती किंवा मराठी बोलणाऱ्या आरोपीला तोंडी भाषांतर करून दिली, तर तिच्या गुणांना अर्थ उरत नाही. मनोविकलतेच्या बचावाबाबत तर भूतकाळाचे मूल्यमापन करावे लागते. गुजरातमधून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितले की महत्त्वाची मनःस्थिती ती कृत्याच्या वेळची, आणि ती जाणण्यास कृत्यापूर्वीचे, त्यावेळचे व नंतरचे वर्तन पाहावे. याचा अर्थ कुटुंबीय, शेजारी, जुने औषधोपचाराचे कागद, अटकेच्या वेळची नोंद, हे सारे मुलाखतीइतकेच महत्त्वाचे.

बडोदे खटल्याचा वर्गातील उपयोग पुढीलप्रमाणे करता येईल. प्रशिक्षणार्थीने नरसू जमादाराविषयी दोन पृष्ठांचा अभिप्राय लिहावा: एक फिर्यादी पक्षाने मागविला आहे असे समजून, दुसरा बचाव पक्षाने. दोन्हींतील वस्तुस्थिती व निष्कर्ष शब्दशः सारखे आले पाहिजेत. त्यानंतर सहकाऱ्यांपैकी एकाने बॅलंटाइन यांची व एकाने सरकारी वकिलाची भूमिका घेऊन त्याची उलटतपासणी घ्यावी. अभिप्रायात ‘खोटे बोलत आहे’ हे शब्द कोठेही आढळल्यास मार्गदर्शकाने कागद न वाचता परत करावा.