आडव्या झाडातील ताण

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, तसेच दापोली-मंडणगड या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या व आंब्याच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्याला पुन्हा झोडपले. अशा वादळानंतर रस्ते, अंगणे आणि छपरे मोकळी करण्याची घाई असते, आणि त्या घाईत चेनसॉ, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या दातेरी साखळीची करवत, तोवर कोयता-कुऱ्हाडीखेरीज काही न वापरलेल्या हातांतही येते. उभे झाड पाडण्यापेक्षा पडलेले झाड कापणे सोपे, असा समज या कामात सर्वांत घातक ठरतो. उभ्या झाडाचा भार बहुतांशी सरळ खाली जात असतो. पडलेल्या झाडाचा भार कुठे टेकला आहे, कुठे अडकला आहे आणि कोणत्या फांदीने तो वाकवून धरला आहे, हे प्रत्येक झाडाच्या बाबतीत नव्याने शोधावे लागते.

लाकूड वाकले की त्याची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते, आणि काप कुठून सुरू करायचा हे या दोन बाजू ओळखण्यावरच ठरते. दोन्ही टोकांना टेकलेला व मध्ये अधांतरी असलेला ओंडका वरून दाबात आणि खालून ताणात असतो. म्हणून पहिला काप वरून, जाडीच्या सुमारे एक-तृतीयांशापर्यंत घेऊन उरलेला खालून वर न्यावा लागतो. एकच टोक टेकलेले व दुसरे हवेत असेल, तर हा क्रम उलटतो. दाबाची बाजू आधी व उथळ, ताणाची बाजू नंतर, हा नियम पाळला नाही तर एक तर साखळी फिरवणारी लांब पट्टी, जिला कारागीर ‘बार’ म्हणतात, लाकडात चिमटली जाते, किंवा खोड उभे चिरत जाऊन त्याचा तुकडा उसळतो. आडवे वाकलेले खोड कापताना माणसाने दाबाच्या, म्हणजे आत वळलेल्या बाजूस उभे राहावे, कारण सुटलेले खोड ताणाच्या बाजूकडे झेपावते. उतारावर मात्र ओंडक्याच्या वरच्या अंगालाच उभे राहावे, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र जुळत नसतील तर तो ओंडका आधी टेकू व पाचरी लावून स्थिर केल्याशिवाय कापू नये. कलमी आंब्याच्या बुटक्या, चौफेर पसरलेल्या फांद्या पडल्यावर जमिनीत रुतून खोडाला अनेक टेकू देतात, त्यामुळे एक फांदी कापली की साऱ्या भाराची वाटणी बदलते. अशा झाडाचे निरीक्षण प्रत्येक कापानंतर पुन्हा करावे लागते.

मुळांसकट उन्मळलेल्या झाडाचा धोका याहून कमी लक्षात येतो. खोड बुंध्यापासून वेगळे होताच मुळांना वर उचलून धरणारे ओझे नाहीसे होते आणि मातीसकट उभा राहिलेला मुळांचा गड्डा एकाएकी खड्ड्यात परत बसू शकतो. खड्ड्यात खेळणारी मुले त्याखाली चिरडली गेल्याच्या घटना जगात घडलेल्या आहेत. म्हणून शेवटचा काप घेण्यापूर्वी खड्ड्यात व गड्ड्यामागे कोणी नाही हे चालकाने स्वतः पाहून घ्यावे, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

यंत्राचा स्वतःचा मोठा धोका म्हणजे उलट झटका. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की साखळीचे दात त्यात रुततात, साखळी क्षणभर अडते आणि तिची सारी शक्ती बारला वर व मागे, चालकाच्या चेहऱ्याकडे व मानेकडे फेकते. पूर्ण वेगात ही साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावत असल्याने माणसाला हात मागे घेण्याइतकाही वेळ मिळत नाही. फांद्यांच्या ढिगाऱ्यात बारचे टोक पलीकडच्या न दिसणाऱ्या फांदीला सहज लागते, म्हणूनच वादळानंतरच्या कामात हा झटका विशेष संभवतो. दोन्ही हातांची पकड, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवलेला, चेहरा व मान बारच्या रेषेबाहेर आणि खांद्याच्या वर कधीही काप नाही, या सवयी आणि चालू स्थितीतला साखळीचा ब्रेक एवढेच संरक्षण तेथे उपयोगी पडते. हवेत लोंबते ठेवून दोरी ओढून यंत्र सुरू करण्याची पद्धत सर्रास दिसते, ती सोडावी: यंत्र जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय घालून, ब्रेक लावूनच ते सुरू करावे.

लुंगी, सैल सदरा, खांद्यावरचा पंचा आणि पायांत चपला या वेशात हे काम करू नये. चेनसॉसाठीच्या विजारीत लांब धागे भरलेले असतात. साखळी कापडाला लागली की ते धागे ओढले जाऊन तिच्या चक्रात गुंततात आणि ती थांबते. अशी विजार महाग वाटली तरी तालुक्यातील एखाद्या गटाने दोन-तीन सामायिक घ्याव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रही मत आहे. हेल्मेट, जाळीचा पडदा, कानांचे रक्षण आणि मजबूत बूट तर हवेतच.

नारळ ही एकदल वनस्पती असल्याने तिच्या खोडात वर्षवलये नसतात. घट्ट, कठीण भाग परिघाकडे असतो व गाभा मऊ असतो. परिघाच्या या कठीण भागामुळे साखळी लवकर बोथट होते. लाकडाचा जाड कीस न पडता पिठासारखा भुसा पडू लागला की काम थांबवून कानस चालवावी. धार गेलेल्या साखळीवर जोर देणारा माणूस लवकर थकतो आणि तोल घालवतो.

एकट्याने हे काम करू नये. सोबतच्याला रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक आणि वाहणारे रक्त स्वच्छ कापडाने सतत दाबून धरणे, दोन्ही ठाऊक असावे. विजेच्या तारेवर रेललेल्या झाडाला, तार मृत दिसत असली तरी, महावितरणने पुरवठा तोडल्याची खात्री दिल्याशिवाय हात लावू नये, आणि दुसऱ्या झाडात अडकून अर्धवट लटकलेले झाड क्रेन किंवा अनुभवी पथक येईपर्यंत तसेच ठेवून त्याखालची वाट दोरीने बंद करावी.