वेडी बाभूळ तोडण्यापूर्वी : वालुकामय प्रदेशातील भू-बावळीची ओळख

गायरान व बांधांवरील वेडी बाभूळ काढण्याच्या कामात झुडपांची छायाचित्रे ओळखीसाठी आमच्याकडे जबलपूरला नेहमी येतात. बहुतेकांत एक फांदी, दोन काटे आणि मागे आकाश, एवढेच असते. एवढ्यावरून निर्णय देणे धोक्याचे आहे. कारण त्याच काटेरी गर्दीत एखादे दुर्मिळ देशी झुडूपही जमीनदोस्त होऊ शकते. भू-बावळी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

हिचे शास्त्रीय नाव व्हॅचेलिया जॅकमॉन्टी. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ व्हिक्टर जॅकमाँ यांचे १८३२ मध्ये मुंबईत निधन झाले; त्यांचेच नाव बेंथम यांनी १८४२ मध्ये या झुडपास दिले. जुन्या ग्रंथांत ती 'अकेशिया' या प्रजातीत सापडेल. हिचे खरे घर थरची वाळू व त्यालगतची शुष्क मैदाने. जबलपूरच्या काळ्या, भरपूर पावसाच्या जमिनीत तिचा शोध घेण्यात अर्थ नाही. जिथे ती वाढते तिथे मात्र वाळू धरून ठेवते व शेळ्या-उंटांना पाला पुरवते.

प्रथम बुंधा पाहावा. भू-बावळीस एक खोड नसते. जमिनीपासूनच अनेक फांद्या फुटतात आणि झुडूप सहसा दोन-तीन मीटरपलीकडे जात नाही. फांद्या गुळगुळीत, नागमोडी. काटे सरळ, पांढरे, जोडीने. पान लहान असून मुख्य दांड्यावर उपदांड्यांच्या साधारण दोन ते चार जोड्या असतात. येथेच गफलत होते, कारण देवबाभळीच्या फांद्याही नागमोडी असतात आणि शेळ्यांनी वारंवार खुडलेली साधी बाभूळही झुडपासारखी दिसते. दोहोंची फुलेही पिवळी व गोल गेंदाची. तेव्हा खरा निवाडा शेंगेवर होतो. भू-बावळीची शेंग चपटी, पातळ व सरळ कडांची. देवबाभळीची जाड, फुगीर व गडद. साध्या बाभळीची माळेतील मण्यांप्रमाणे प्रत्येक बीजाजवळ आकुंचित. वेडी बाभूळ सर्वांत सोपी : तिची फुले गोल नसून लांबट तुऱ्यात येतात.

कीटकशास्त्रज्ञाने वनस्पतीच्या ओळखीत का पडावे, असे विचारले जाते. आमचे अर्धे काम यजमान वनस्पतीच्या नावावरच उभे असते. आपली साधी बाभूळ ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये उपद्रवी तण झाली, तेव्हा तिच्यावरील कीटकांचा शोध भारतातही घेण्यात आला. तिथे यजमानाचे नाव चुकले असते तर पुढील सर्व चाचण्या निरर्थक ठरल्या असत्या. भुईमुगाच्या शेंगा पोखरणारा कॅरिडॉन भुंगेराही बाभूळवर्गीय शेंगांत वाढतो. म्हणून शेंगेवरील गोल छिद्रे पाहून ती 'वेगळी जात' समजू नये, आणि कीटकांच्या गाठींनी विद्रूप झालेली फांदी नमुना म्हणून निवडू नये.

नमुना पाठविताना फूल व शेंग असलेली हातभर फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी. सोबत बुंध्याचे छायाचित्र, मातीचा प्रकार, गाव व दिनांक लिहावा. फूल-शेंग नसल्यास आणि बुंध्यापासून अनेक फांद्या फुटलेल्या दिसल्यास त्या झुडपाभोवती खुणेची दोरी बांधून तोडणी पुढे ढकलावी. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास फुले येतात आणि त्यापुढे शेंगा हाती लागतात.