नदीवरची तर हाही एक रस्ताच

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा खेड तालुक्यातून खाली येते. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठेचे पाणी तिला मिळते. तेथून पुढे काही अंतरापर्यंत नदीच्या उत्तरेस शिरूर तालुका व दक्षिणेस दौंड तालुका आहे. नकाशावर नदी ही दोन तालुक्यांची हद्द असली, तरी काठावरच्या माणसांचे व्यवहार त्या हद्दीपाशी थांबत नाहीत. एका तीरावर घर तर दुसऱ्या तीरावर जमीन, लेकीचे सासर पैलतीरी, बाजार आणि शाळाही पलीकडे, असे जीवन नदीकाठी सर्वत्र आढळते. जवळ पूल नसेल, तर समोर दिसणाऱ्या गावी पोहोचण्यासाठी मोठा वळसा पडतो. अशा ठिकाणी होडी हेच वाहन आणि पाणी हाच रस्ता होय.

उतार, होडी आणि धरण

पूर्वी नदी ओलांडण्याच्या दोन रीती होत्या. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उताराच्या जागी लोक पायी अथवा बैलगाडीने नदी पार करीत. पावसाळ्यात होडीचा आश्रय घेत. अष्टविनायकांपैकी रांजणगाव शिरूर तालुक्यात आहे. सिद्धटेक भीमेच्या पैलतीरी, अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात आहे. दौंडहून शिरापूरला जावयाचे आणि तेथून होडीने सिद्धटेक गाठावयाचे, हा यात्रेकरूंचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. आता तेथे पूल झाला आहे. इतरत्रही पूल व कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाल्याने पुष्कळ गावांची सोय झाली.

मात्र १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर खालच्या भागातील चित्र पालटले. दौंड, इंदापूर, कर्जत व करमाळा या तालुक्यांच्या काठाने विस्तीर्ण जलाशय पसरला. जेथे एके काळी उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असे, तेथे खोल पाणी उभे राहिले. या पाण्याने ऊस पिकला, मासेमारी वाढली. पण समोरासमोरची गावे एकमेकांपासून दुरावली. ग्रीस देशातील बेटांप्रमाणे त्यांच्यामध्येही पाणी आले, आणि होडीचे महत्त्व वाढले.

दोन दुर्घटनांचा धडा

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीतील सात जणांपैकी एक जण पोहून तीरास लागला. सहा जणांना जलसमाधी मिळाली, त्यांत लहान मुलेही होती. त्यापूर्वी १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली होती. एक घटना समुद्रावरची, दुसरी जलाशयावरची. परंतु दोन्हींमध्ये प्रवास नित्याचा होता आणि घात वाऱ्याने केला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नदीचे अरुंद पात्र आणि जलाशयाचे मोकळे पाणी यांत मोठा फरक आहे. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडथळा नसतो, त्यामुळे लाटा मोठ्या होतात. वैशाखात वळवाचे वारे बहुधा दुपारनंतर अचानक सुटतात. होडीत भार जास्त असला की तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो आणि लहान लाटही आत शिरते. अशा वेळी घाबरून लोक उभे राहिले अथवा एका बाजूस सरकले, तर होडी कलंडण्यास वेळ लागत नाही. वरच्या बाजूस खडकवासला अथवा चासकमान धरणातून पाणी सोडले जाते, तेव्हा भीमेचा प्रवाहही वाढतो, हे दौंड व शिरूरच्या काठच्या गावांनी विसरता कामा नये.

ग्रीसमधील व्यवस्था

ग्रीसमध्ये वस्ती असलेली बेटे दोनशेहून अधिक आहेत. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघणाऱ्या जहाजांवर तेथील पुष्कळ बेटांचे धान्य, औषधे आणि टपाल अवलंबून असते. या व्यवस्थेतील तीन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, ज्या लहान बेटांकडे जाणारा मार्ग व्यापाऱ्यास परवडत नाही, तेथे शासन अनुदान देऊन जहाज चालू ठेवते. दुसरी, वाऱ्याचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदर अधिकारी जहाज सोडू देत नाहीत. निघावे की थांबावे, हा निर्णय भाडे मिळविणाऱ्याच्या हाती राहत नाही. तिसरी, निघण्यापूर्वी प्रवाशांची मोजदाद होते. हे सारे असूनही २६ सप्टेंबर २००० रोजी पारोस बेटाजवळ ‘सामिना’ हे जहाज खडकावर आपटून सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली. पाणी अडविणारी आतली दारे नियमानुसार बंद ठेवलेली नव्हती. नियम कागदावर असून भागत नाही, तो रोज पाळावा लागतो, हाच त्याचा अर्थ.

आपल्या शेजारी गोव्यात दिवाडी व चोडण या बेटांना जाणाऱ्या फेरीबोटी शासनाचे नदी परिवहन खाते चालविते आणि पादचाऱ्यांकडून भाडे घेत नाही. तेथे होडीला रस्त्याचाच दर्जा मिळाला आहे.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

मुंबई इलाख्यात सार्वजनिक तरींविषयीचा कायदा १८६८ सालीच झाला होता. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत, पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांमध्ये रस्ते व पूल यांच्याबरोबर तरी आणि जलमार्गही नमूद आहेत. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात यंत्र नसलेल्या नौकांचाही विचार केलेला आहे. तेव्हा गावची होडी हा केवळ नावाड्याचा खाजगी धंदा आहे, असे म्हणून चालणार नाही.

गावपातळीवर पुढील गोष्टी सहज करता येतील. होडीत किती माणसे बसवावयाची, तो आकडा तिच्यावर ठळक रंगवावा. प्रत्येक उतारूस तरंगते जाकीट मिळावे. वारा सुटला, अंधार पडला अथवा धरणातून पाणी सोडल्याची सूचना आली की होडी बंद ठेवावी, आणि हा निर्णय जाहीर करण्यास एक जबाबदार व्यक्ती नेमावी. होडी बंद राहिलेल्या दिवशी नावाड्याची मजुरी बुडू नये, याचीही तजवीज व्हावी. अन्यथा पोटासाठी तो धोका पत्करील. शिक्षकांनी मुलांना होडीत खाली बसून राहण्याची सवय लावावी. लाकडी होडी उलटली तरी बहुधा तरंगते. तेव्हा तिला धरून राहावे, हेही त्यांना शिकवावे.

पूल होतील तेव्हा होतील. तोपर्यंत रोज सकाळी पलीकडे गेलेले मूल सायंकाळी सुखरूप घरी यावे, एवढी हमी त्याच्या आईला देणे हे गावाचे काम आहे.