कुंडीतील जिवंत माती : एक पाठ

वऱ्हाडची काळी जमीन कसदार म्हणून प्रसिद्ध आहे. कपाशी, तूर व ज्वारी ही पिके ती पिढ्यान्‌पिढ्या देत आली आहे. असे असता हीच माती शेतातून आणून शाळेच्या कुंड्यांत भरली व तीत रोपे लावली, म्हणजे थोड्याच दिवसांत ती खुरटतात, पिवळी पडतात आणि पुष्कळदा मरून जातात. अशा वेळी पाणी घालण्याची पाळी ज्या मुलाची असेल त्याच्यावर ठपका येतो. वस्तुतः दोष मुलाचा नसतो. शेतातील माती कुंडीत आली की तिची परिस्थितीच पालटते, आणि ही गोष्ट ध्यानात न घेता केलेली बाग टिकत नाही. मुलांनी शेतकऱ्याच्या घरी जन्म घेऊनही ‘आपल्या हाताला गुण नाही’ अशी समजूत करून घ्यावी, यासारखे शिक्षणाचे दुसरे नुकसान नाही. सबब हा पाठ.

माती जिवंत असते म्हणजे काय?

वऱ्हाडची काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेपासून बनलेली आहे. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. पाणी मिळाले की ती फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा हा याचाच परिणाम होय. शेतात या भेगांतून हवा खाली जाते, वरचा पालापाचोळा आत पडतो, आणि मुळांना खोलवर जाण्यास वाव असतो. कुंडीत यांपैकी काहीच नाही. तेथे माती ओली असता चिखल होते व वाळली असता वीट होते. आकसलेली माती कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. वरून पाहणाऱ्यास कुंडी भिजलेली दिसते, पण मुळे कोरडीच राहतात.

माती केवळ खडकाचा भुगा नव्हे. चिमूटभर चांगल्या मातीत कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. त्यांत जिवाणू असतात, बुरशीचे तंतू असतात. त्यांना खाऊन राहणारे आणखी लहान-मोठे जीव असतात. हे जीव मेलेली पाने व मुळे कुजवून त्यांतील अन्न रोपांना मिळेल अशा रूपात आणतात. त्यांच्या स्रावांनी व तंतूंनी मातीचे कण एकमेकांस चिकटून भुरभुरीत रवे बनतात, आणि रव्यांमधील पोकळीत हवा व पाणी दोन्ही राहतात. गांडुळांचे कार्यही असेच आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली या क्षुद्र समजल्या जाणाऱ्या प्राण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या सर्व जीवांना तीन गोष्टी लागतात : अन्न, ओल आणि हवा. कुंडीतील मातीची निगा म्हणजे या तिन्हींची निगा होय.

खताची तयारी

या जीवांचे अन्न म्हणजे कुजलेला सेंद्रिय पदार्थ. तो विकत आणण्याचे कारण नाही. शाळेच्या आवारातील कडुनिंब, चिंच, वड यांची पाने रोज सकाळी झाडली जातात आणि बहुधा पेटवून दिली जातात. झाडाने वर्षभर साठविलेले अन्न असे धुरात जाते. आवार स्वच्छ झाले, परंतु जमीन मात्र दरिद्री राहिली. ज्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबांचा जन्म झाला, तेथील शाळांनी तरी झाडू व काडेपेटी यांचा हा संबंध तोडला पाहिजे.

काडीकचऱ्यापासून खत करण्याचे शास्त्र या प्रदेशाला परके नाही. इंदूर येथील संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने जी पद्धती बसविली, ती ‘इंदूर पद्धती’ म्हणून जगभर गेली. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत शोधली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवलेल्या विटांच्या टाक्यात काडीकचरा, शेणकाला व चाळलेली माती यांचे थर देऊन वरून लिंपून घेतले, म्हणजे वरखाली न करता सुमारे ९० ते १२० दिवसांत खत तयार होते.

शाळेने हीच रीत लहान प्रमाणात करावी. तुराट्या किंवा पऱ्हाट्या रोवून ३ फूट व्यासाचे व ३ फूट उंचीचे गोल कुंपण सावलीत करावे. तळाशी जाड काड्या पसराव्यात. त्यावर वीतभर वाळलेली पाने व सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार, त्यावर पोषण आहाराच्या भाज्यांची देठे व साली, मग शेणकाला, आणि शेवटी मूठ-मूठ माती, असे थर द्यावेत. प्रत्येक थर भिजवावा. शिजलेले उष्टे अन्न, तेल व मीठ ढिगात घालू नये; त्याने उंदीर-घुशी येतात. प्लास्टिकच्या पुड्या व काच मुलांकडून आधीच वेचून घ्यावी.

खत तयार झाल्याची खूण अशी की मूळ पदार्थ ओळखू येत नाही, ढीग थंड असतो व पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. अर्धवट कुजलेले कुटार कुंडीत घालणे हे पिवळ्या रोपांचे एक मोठे कारण आहे. कुटार कुजविणारे जीव आपल्या वाढीसाठी मातीतील नत्र उचलतात व रोप उपाशी राहते.

मिश्रण

मातीचा एक भाग, चाळलेल्या पक्व खताचे दोन भाग आणि जाड रेती किंवा विटांचा जाड चुरा एक भाग, हे प्रमाण काळ्या मातीसाठी ठीक पडते. नदीकाठचा पोयटा मिळाल्यास खत व पोयटा समभाग घ्यावेत. रेती अर्धा भाग पुरे. काळ्या मातीत केवळ थोडी रेती घालून भागत नाही. खत नसेल तर असे मिश्रण अधिकच घट्ट होते. १५ किलोच्या तेलाच्या डब्यामागे दोन मुठी निंबोळी ढेप मिसळावी. ढेपेत नत्र असते, आणि निंबोळ्या तर पावसाळ्याच्या तोंडी गावोगाव पडलेल्या असतात.

राख व चुना यांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. इतर प्रदेशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत ती घालण्याचा सल्ला आढळतो. वऱ्हाडच्या मातीत चुनखडी मुळातच असते व ती अल्कधर्मी असते. तीत राख घातल्याने लोहासारखी द्रव्ये रोपांना मिळेनाशी होतात. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

मिश्रण ओले करून गोणपाटाखाली दोन आठवडे ठेवावे व मगच भरावे. डब्याच्या तळाला पाच-सहा छिद्रे पाडून त्यांवर खापरीचे तुकडे ठेवावेत. तळाशी गिट्टीचा जाड थर देण्याची चाल आहे, परंतु त्याने निचरा सुधारत नाही. उलट मुळांची जागा तेवढी कमी होते.

पाण्याचा प्रश्न

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या बाजूच्या पुष्कळ गावांत, विहिरीचे पाणी क्षारयुक्त असते. पाणी उडून जाते व क्षार कुंडीतच राहतात. कुंडीच्या कडेला पांढरी पुटे दिसू लागली की हेच घडत आहे असे समजावे. अशा शाळांनी पावसाळ्यात छपराच्या पन्हाळीचे पाणी साठवावे, आणि चांगल्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून क्षार धुऊन जाऊ द्यावेत. सर्वत्रच रोज शिंपडण्यापेक्षा बोट दोन पेरे मातीत घालून, कोरडे लागल्यासच, पाणी तळातून झिरपेपर्यंत द्यावे.

निगा

१. माती उघडी ठेवू नये. दोन बोटे जाडीचे वाळल्या पानांचे आच्छादन कायम असावे.

२. पीक निघाल्यावर रोप उपटू नये, जमिनीलगत कापावे. मुळे आत कुजून हवेच्या वाटा होतात.

३. माती फेकू नये. दर पिकानंतर कुंडीच्या चौथाई भागाइतके नवे खत मिसळावे.

४. पीक पालटावे. पालक किंवा अंबाडीनंतर चवळी, चवळीनंतर वांगी किंवा मिरची, असा क्रम ठेवावा. चवळीच्या मुळांवरील गाठी मुलांना अवश्य दाखवाव्यात.

५. उन्हाळ्याच्या सुट्टीत, पारा ४५ अंशांच्या आसपास जात असता, कुंड्यांतील माती उन्हात तापत ठेवू नये. ती झाडाखाली एकत्र ढीग करून पाने व ओले गोणपाट यांनी झाकावी व आठवड्यातून एकदा भिजवावी.

अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी प्रचारात आणलेले जीवामृत अनेक शेतकरी पालक करतात. त्याचे काम विरजणासारखे समजावे. दूधच नसेल तर विरजण कशास लागणार? खत व आच्छादन यांची जागा ते घेऊ शकत नाही. सांभार, मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर शेणाचे ताजे पाणी घालू नये.

वर्गातील पाठ

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आलेल्या शिक्षणविचाराचा गाभा असा की हाताचे काम व पुस्तकाचे ज्ञान वेगळे नसावे. पुढील कृतींनी तो येथे साधता येईल.

पहिली कृती : काचेच्या बाटलीत निम्मी माती व पाणी घालून हलवावे. रेती क्षणात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. थरांची उंची मोजून मुलांनी अपूर्णांक मांडावेत.

दुसरी कृती : एका करवंटीत माती व दुसरीत नवे खत घेऊन मेथीचे प्रत्येकी २० दाणे पेरावेत. खतात उगवण कमी दिसली किंवा कोंब करपले तर खत कच्चे आहे. शेकडेवारी काढावी.

तिसरी कृती : मिश्रण ओले करून मुठीत दाबावे. गोळा झाला व बोटाने टोचताच फुटला तर योग्य. पाणी गळाले तर ओल जास्त. गोळाच झाला नाही तर कमी.

चौथी कृती : जीवामृतासाठी २०० लिटर पाण्यास शेण १० किलो, गूळ २ किलो व बेसन २ किलो लागते. १० लिटरास किती? हे त्रैराशिक बादलीजवळ उभे राहून सोडवावे. उत्तर : शेण ५०० ग्रॅम, गूळ व बेसन प्रत्येकी १०० ग्रॅम.

माती व शेण हाताळल्यावर प्रत्येक मुलाने साबणाने हात धुतलेच पाहिजेत. ज्याच्या हातास जखम असेल त्याला मोजणी-नोंदणीचे काम द्यावे. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात.

वेळापत्रक

खतास तीन ते चार महिने लागतात. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. तेव्हा पानगळीच्या दिवसांत, फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत, ढीग रचला गेला पाहिजे. सुट्टीत ढिगावर पाणी घालण्यासाठी शाळेजवळच्या दोन-तीन घरांतील मुलांची व पालकांची आठवड्यावार यादी शेवटच्या दिवशी फळ्याशेजारी लावावी.

या मुलांपैकी पुष्कळांच्या हाती उद्या चार-पाच एकर जमीन येईल. तिच्यातील सेंद्रिय अंश घटत आहे, ही चिंता आज शेतीचे जाणकार बोलून दाखवितात. एका डब्यातील माती सलग दोन वर्षे जिवंत ठेवलेला मुलगा बांधावरचा पालापाचोळा पेटविण्यापूर्वी थांबेल, एवढी अपेक्षा या पाठाकडून ठेवण्यास हरकत नाही.