ढोरक्याचं इंजिनीअरिंग

विषय राहिला की घरी ऐकावं लागतं, "जाय, ढोरं चार!" पण ढोरक्याच्या अंगावरचं सामान नीट पाहिलं, तर त्यात आपलाच अभ्यासक्रम सापडतो.

अमेरिकन काउबॉयच्या टोपीचा रुंद काठ उन्हासाठी असतो आणि बुटाची उंच टाच रिकिबीतून पाय निसटून अडकू नये म्हणून. आपल्या वऱ्हाडातही तसंच आहे.

घोंगडी घ्या. लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकते, म्हणून ऊब टिकते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही. खोळ करून डोक्यावर घेतली की पावसाला आडोसा, खाली टाकली की अंथरूण.

ढोराच्या गळ्यातली घंटी म्हणजे झुडपातही जनावराचा पत्ता. सगळ्यात भारी लोढणं! पळकुट्या ढोराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका लोंबकळत सोडतात. ढोर हळू चाललं तर तो नुसता झुलतो, पळालं की पुढच्या पायांवर आदळतो. मी तर याला स्पीड गव्हर्नरच म्हणतो. ना सेन्सर, ना बॅटरी!

दिवसभर ओझं स्वतःलाच वाहायचं, म्हणून ढोरक्याकडे वस्तू मोजक्याच आणि प्रत्येक कामाची. फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताना गावच्या ढोरक्याला एकदा विचारून पाहा. त्याची अडचण खरी असते.