यादीची रचना आणि तिचा अर्थ : जालपृष्ठलेखनाचा एक प्राथमिक पाठ

कोशकारांना आणि सूचिकारांना यादीचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. राजव्यवहारकोशातील शब्द दहा वर्गांत मांडलेले आहेत, आणि तत्कालीन राज्यकारभाराची कल्पना त्या वर्गीकरणावरूनही येते. यादी ही नोंदींची केवळ रास नसून नोंदींच्या परस्परसंबंधाविषयीचे ते एक विधान असते. जालपृष्ठे ज्या एचटीएमएल भाषेत लिहिली जातात, तीत हे विधान लेखकाला स्पष्टपणे करावे लागते. म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे, म्हणजे हेग्गडदेवनकोटे, या परिसराच्या आधारे त्याची रीत येथे पाहू.

या भाषेतील खुणांना टॅग म्हणतात. त्या रोमन अक्षरांत, कोनी कंसांत लिहावयाच्या असतात. समाप्तीच्या खुणेत नावापूर्वी तिरपी रेघ येते. येथे त्यांची केवळ अक्षरनामे दिली आहेत.

पहिला प्रकार क्रमरहित यादीचा. संपूर्ण यादी 'यू-एल' या खुणेत आणि प्रत्येक नोंद 'एल-आय' या खुणेत ठेवावी. कबिनी, नुगू, हेब्बळ्ळ आणि तारक हे जुन्या एच. डी. कोटे तालुक्यातील चार जलाशय होत. त्यांची नावे मागेपुढे झाली तरी आशय बदलत नाही. म्हणून ही यादी क्रमरहित.

दुसरा प्रकार क्रमबद्ध यादीचा. तिची खूण 'ओ-एल'. कबिनी नदी केरळातील वायनाडात उगम पावते, एच. डी. कोटे परिसरातून नंजनगुडला जाते आणि तिरुमकूडलु नरसीपूर येथे कावेरीस मिळते. येथे क्रम बदलला तर विधानच असत्य ठरते. अशा यादीत आकडे हाताने टंकू नयेत. ब्राउझर ते स्वतः घालतो, आणि मध्ये नवी नोंद आली तर पुढील क्रमांकही बदलतो. शैलीपत्रकात 'लिस्ट-स्टाइल-टाइप' या गुणधर्माला 'देवनागरी' हे मूल्य दिल्यास १, २, ३ असे आकडे उमटतात. 'कन्नड' हे मूल्यही उपलब्ध आहे.

तिसरा प्रकार कोशकारांच्या विशेष उपयोगाचा. 'डी-एल' या खुणेत शब्दासाठी 'डी-टी' आणि विवरणासाठी 'डी-डी' वापरावे. 'जेनू' हा शब्द, 'मध' हे विवरण. 'बेट्ट' हा शब्द, 'डोंगर' हे विवरण. एका शब्दाला अनेक विवरणे जोडता येतात.

नोंदींपूर्वी नुसत्या आडव्या रेघा टंकल्या तरी डोळ्यांना यादी दिसते. परंतु अंध वाचकासाठी पृष्ठ मोठ्याने वाचणाऱ्या यंत्रणेला तीत यादी आढळत नाही. योग्य खुणा असतील तर ती यंत्रणा नोंदींची संख्याही सांगू शकते.

याहून सूक्ष्म प्रश्न अभ्यासकाच्या विवेकाचा आहे. जेनू कुरुब, बेट्ट कुरुब, येरव आणि सोलिग या तेथील समाजांच्या नावांपुढे आकडे घातले, तर जी उतरंड लेखकाला अभिप्रेत नाही ती वाचकाला सुचविली जाते. तेथे क्रमरहित यादीच योजावी, आणि नावे वर्णानुक्रमे लावली असल्यास तसे यादीच्या आरंभी नमूद करावे. सारांश, खूण निवडण्यापूर्वी नोंदींची अदलाबदल करून पाहावी. अर्थ बदलला तर क्रम आवश्यक आहे. न बदलला तर आकड्यांचा मोह टाळणे श्रेयस्कर.