उतारवयाची पुंजी : सोने किती, आभासी चलन किती?



नोकरदाराच्या पगारातून दरमहा भविष्य निर्वाह निधीची रक्कम कापली जाते. शेतकऱ्याचे तसे नसते. कापूस, तूर किंवा आंबिया बहाराची संत्री विकली की पैसा एकदम हाती येतो आणि कर्जफेड, शिक्षण, लग्नकार्य यांत संपतो. नागपूर जिल्ह्यात मिहान प्रकल्प व समृद्धी महामार्गासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना मोबदला मिळाला. अशी एकरकमी मिळालेली रक्कम पुष्कळदा म्हातारपणाची एकमेव पुंजी असते.

आपण कपाशीत तुरीच्या ओळी घेतो, कारण एक पीक बुडाले तर दुसरे हात देते. पुंजीचेही तसेच आहे. मात्र मुख्य पीक कोणते आणि आंतरपीक कोणते, हे आधी ठरवावे.

मुख्य पीक : ठरलेले उत्पन्न

2019 मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री किसान मानधन योजना 2 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या, 18 ते 40 वर्षे वयाच्या शेतकऱ्यांसाठी आहे. वयानुसार दरमहा 55 ते 200 रुपये भरावे लागतात व तेवढीच रक्कम केंद्र सरकार भरते. साठीनंतर दरमहा 3,000 रुपये मिळतात. वय 60 पूर्ण झालेल्यांना टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. तिचे व्याज दर तीन महिन्यांनी मिळते. औषधपाणी व घरखर्च यांवर चालावा, एवढी तरतूद प्रथम करावी.

आंतरपीक : सोने

सोने अडीअडचणीला गहाण ठेवता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु भाव नेहमी चढतोच असे नाही. 2012 च्या अखेरीस दहा ग्रॅमचा भाव 31 हजार रुपयांच्या आसपास होता. 2015 च्या जुलैत तो 25 हजारांच्या आसपास उतरला.

दागिना आणि बचत यांत फरक करावा. समजा, एक लाख रुपयांच्या सोन्यावर 12 टक्के घडणावळ लागली. त्यावर 3 टक्के जीएसटी धरून 1,15,360 रुपये द्यावे लागतात. विकताना घडणावळ व कर परत मिळत नाहीत. म्हणजे भाव 15 टक्क्यांहून अधिक वाढल्यावरच मुद्दल सुटते. बचतीसाठी नाणे किंवा डीमॅट खात्यातील गोल्ड ईटीएफ बरे. सरकारी सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी 2024 नंतर झालेली नाही. दागिना घेताना सहा अंक-अक्षरांचा हॉलमार्क क्रमांक व पक्के बिल पाहावे.

आभासी चलन : जुगारी पीक

बिटकॉइनसारख्या चलनामागे सोन्यासारखी वस्तू नाही की सरकारची हमी नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये एक बिटकॉइन सुमारे 69 हजार डॉलरला होते. वर्षभरात ते 16 हजारांवर आले. पुढे भाव पुन्हा चढला खरा, पण मधल्या काळात ज्याला औषधासाठी विकावे लागले, त्याचे नुकसान कायमचे झाले. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारमंचावरून सुमारे 23 कोटी डॉलरची चलने चोरीस गेली.

शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असले, तरी आभासी चलनाच्या नफ्यावर एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर व उपकर लागतो. एका चलनातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

याच नावाखाली फसवणूकही होते. 'गेन बिटकॉइन' योजनेत दरमहा 10 टक्के परताव्याचे आमिष 18 महिन्यांसाठी दाखवले गेले. पुणे पोलिसांनी 2018 मध्ये मुख्य आरोपीस अटक केली. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

वाटणी कशी करावी?

1. वर्षभराचा घरखर्च व पुढील हंगामाचा पेरणीखर्च बँकेत वेगळा ठेवावा.
2. उरलेल्या पुंजीचा मोठा हिस्सा ठरलेल्या उत्पन्नाच्या योजनांत ठेवावा.
3. सोने शंभरातील दहा-पंधरा रुपयांपर्यंत असावे. घरातील दागिने यातच मोजावेत.
4. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आभासी चलनाच्या वाटेस जाऊ नये. तरुणांना घ्यायचेच असेल, तर शंभरातील दोन रुपयांपुरते, आणि ते बुडाले असे समजूनच घ्यावे.
5. पीककर्ज किंवा जमिनीचा मोबदला यात कधीही घालू नये.
6. ठरावीक परताव्याची हमी व नवे सभासद आणण्याची अट दिसताच दूर राहावे. ऑनलाइन फसवणूक झाल्यास ताबडतोब 1930 क्रमांकावर कळवावे.

जमीन एकदा गेली की परत येत नाही. तिच्या मोबदल्याचा पैसाही त्याच जपणुकीने सांभाळावा.